पेशीची वेस आणि पटकी : परळच्या एका विस्मृत प्रयोगाची कथा

ऑक्टोबर 2025 मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने एक आदेश काढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे न बनवलेल्या कोणत्याही पेयाच्या नावात यापुढे ‘ओआरएस’ ही अक्षरे वापरता येणार नाहीत, असा त्याचा आशय होता. त्यामागे हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा होता. बातमी आली, दोन दिवस चर्चा झाली आणि विरली. चर्चेत बहुतेकांचा सूर असा होता की थोडी साखर जास्त पडली तर एवढे काय बिघडते? आमच्या मारतहळ्ळीतल्या एका औषधांच्या दुकानात हाच प्रश्न मी स्वतःच्या कानांनी ऐकला. प्रश्न गैर नाही. त्याचे उत्तर मात्र एका ओळीत देता येत नाही, कारण ते सुमारे पाच नॅनोमीटर जाडीच्या एका पडद्यात दडलेले आहे. त्या पडद्याचा इतिहास कोलकाता, ढाका आणि प्राग या शहरांतून जातो, तसाच तो मुंबईच्या परळमधूनही जातो. परळचा भाग मराठी वाचकांना फारसा सांगितला गेलेला नाही, म्हणून हा लेख.

पटकी, म्हणजे कॉलरा. महाराष्ट्राच्या गावोगावी या रोगाची एक देवता होती, मरीआई. साथ आली की मरीआईचा गाडा काढायचा आणि वाजतगाजत गावाच्या वेशीबाहेर नेऊन सोडायचा, ही रीत. पुढच्या गावाने तो आणखी पुढे ढकलायचा. संकट वेशीतून आत येते आणि वेशीबाहेर घालवता येते, ही त्यामागची कल्पना. रोगाविषयी ती चुकीची होती, पण वेस या गोष्टीविषयी तिच्यात काही खरे होते, हे पुढे दिसेल.

रोगाचे स्वरूप आधी आकड्यांत पाहू. निरोगी माणसाच्या आतड्यातून रोज आठ-नऊ लिटर द्रव जातो. त्यातले दोनएक लिटर आपण प्यालेले असतात. उरलेले लाळ, जठररस, पित्त आणि आतड्याचे स्राव या रूपाने शरीरानेच ओतलेले असतात. यातले जवळजवळ सगळे परत शोषले जाते आणि शेवटी शंभर-दोनशे मिलिलिटर बाहेर पडते. इतक्या मोठ्या जमाखर्चात इतकी अल्प तूट ठेवणारी व्यवस्था थोडी जरी उलटली तरी अनर्थ होतो. पटकीच्या तीव्र रुग्णाच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. रक्त घट्ट होते, नाडी लागेनाशी होते आणि सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत जातो.

रॉबर्ट कॉखने 1884 मध्ये कोलकात्यात या रोगाचा जिवाणू ओळखला आणि त्याच्या विषामुळे हे घडत असावे असा तर्कही केला. त्यानंतरची पंचाहत्तर वर्षे ते विष कोणालाच ठामपणे दाखवता आले नाही. दरम्यान दुसरीच समजूत दृढ झाली : जिवाणू आतड्याचे अस्तर सोलून काढतात आणि जखमेतून पाझरावे तसे पाणी पाझरते. शवविच्छेदनात अस्तर सुटलेले दिसत असे. मृत्यूनंतर आतडे फार लवकर कुजते, हे लक्षात घेतले गेले नाही. या समजुतीचा परिणाम घातक होता. अस्तरच नसेल, तर तोंडाने दिलेले पाणी शोषणार कोण? मग उपाय एकच, शिरेतून सलाईन. आणि सलाईन खेड्यात पोहोचत नसे.

आता परळला येऊ. वाल्डेमार हाफकिन यांनी पटकीची लस 1892 मध्ये पॅरिसमध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्याच वर्षी ते भारतात आले. 1896 च्या प्लेगनंतर मुंबईत त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली, 1899 मध्ये ती परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये गेली आणि 1925 मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. मराठी माणसाला ही संस्था माहीत असते ती लशींसाठी आणि सर्पदंशावरच्या औषधासाठी. परंतु 1950 च्या दशकात तिथे एन. के. दत्ता नावाचे औषधशास्त्रज्ञ एका वेगळ्याच अडचणीशी झगडत होते. पटकी माणसालाच होते. उंदीर, गिनीपिग, प्रौढ ससा यांना जिवाणू पाजले तरी त्यांना रोग होत नाही. मग नवी औषधे तपासायची कशावर?

1955 मध्ये दत्ता आणि एम. के. हब्बू यांनी उत्तर प्रसिद्ध केले : सशाची सुमारे दहा दिवसांची पिल्ले. त्यांच्या आतड्यात जिवाणू सोडले तर माणसाला होते तशीच जलाल हगवण त्यांना लागते आणि ती तशीच मरतात. हेतू केवळ औषधांच्या चाचणीचा होता, पण साधन हाती आले की प्रश्न बदलतात. 1959 मध्ये दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांनी जिवंत जिवाणू बाजूला ठेवले. जिवाणू फोडून मिळवलेला अर्क त्यांनी पिल्लांना दिला. पिल्लांना पटकीसारखीच हगवण लागली. म्हणजे रोग घडवायला जिवाणूने जिवंत असण्याची गरज नव्हती. त्याच्यातले काहीतरी पुरेसे होते.

त्याच वर्षी, 30 मे 1959 च्या ‘नेचर’मध्ये, कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांचा निबंध आला होता. त्यांची पद्धत निराळी होती. प्रौढ सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी बांधायचा आणि त्या बंद पिशवीत जिवाणू गाळून काढलेला द्रव सोडायचा. पिशवी पाण्याने टम्म फुगली. डे यांचे प्रमाण अधिक स्वच्छ होते, कारण जिवाणूने स्वतःहून बाहेर टाकलेले विष त्यांनी दाखवले. श्रेय पहिल्यांदा त्यांना जाते ते योग्यच आहे. त्यांनाही ते हयातीत आपल्या देशात मिळाले नाही, आणि 1985 मध्ये ते वारले. परंतु दोन शहरांत, दोन वेगळ्या पद्धतींनी, एकाच वर्षी एकच निष्कर्ष निघतो तेव्हा विज्ञानात त्याचे वजन नुसते दुप्पट होत नाही, कितीतरी अधिक होते. हब्बू, पानसे, कुलकर्णी ही नावे आपल्या पाठ्यपुस्तकांत कुठे भेटत नाहीत, याची मला खंत वाटते. 1964 मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ रिचर्ड फिंकेलस्टाइन यांनी याच सशाच्या पिल्लांवरचा अभ्यास दत्तांसह प्रसिद्ध केला, आणि 1969 मध्ये फिंकेलस्टाइन व लोस्पालुटो यांनी ते विष शुद्ध रूपात वेगळे केले.

1960 मध्ये बँकॉकच्या रुग्णांच्या आतड्याचे तुकडे जिवंतपणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात आले. अस्तर शाबूत होते! विष आहे, पण ते काहीही सोलत नाही, फाडत नाही. मग पाणी येते कुठून? इथे वैद्यकाला पेशीच्या वेशीपाशी थांबावे लागले. त्या वेशीवर भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र पन्नासएक वर्षे आधीपासून मुक्काम करून होते.

आपण शाळेत बेदाणे पाण्यात भिजवून परासरण शिकलो. प्रयोग चांगला आहे, पण त्यातून मनात एक चुकीचे चित्र ठसते : पेशीपटल म्हणजे चाळण, बारीक ते जाते, जाड ते अडते. तसे असते तर सोडियमचा इवलासा आयन सहज गेला असता आणि त्याहून मोठे कितीतरी रेणू अडले असते. घडते उलटे. 1890 च्या दशकात झुरिकमध्ये अर्नेस्ट ओव्हरटन यांनी शेकडो पदार्थ जिवंत पेशींवर तपासले आणि पाहिले की तेलात विरघळणारे पदार्थ लवकर आत शिरतात. त्यावरून वेस मेदाची असावी असे त्यांनी अनुमान केले. 1925 मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या पेशींतला मेद काढून पाण्यावर पसरला. त्याचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरले, म्हणजे पटल मेदाच्या दोन थरांचे. त्यांच्या मापनात दोन चुका होत्या. मेद पूर्ण निघाला नव्हता आणि पेशीचे क्षेत्रफळही कमी धरले गेले होते. दोन्ही चुकांनी एकमेकींना खोडून काढले आणि उत्तर बरोबर आले. विज्ञानात असे भाग्य क्वचित लाभते!

मेदाचा थर आयनाला का अडवतो, याचे गणित मात्र एका भौतिकशास्त्रज्ञाचे, आणि त्याचा आमच्या शहराशी संबंध आहे. मॅक्स बॉर्न यांनी 1920 मध्ये आयन पाण्यात विरघळताना किती ऊर्जा सुटते याचे साधे सूत्र मांडले. पाण्याचे रेणू विद्युतभाराभोवती वळून उभे राहतात आणि त्याला सांभाळून घेतात. पाण्याचा परावैद्युतांक 80 च्या आसपास, तर तेलाचा अवघा 2. म्हणून पाण्यातून तेलात जाणाऱ्या आयनाला तो सगळा आधार सोडून द्यावा लागतो. 0.2 नॅनोमीटर त्रिज्येचा एकभारी आयन घेतला तर त्याची किंमत कक्ष-तापमानाच्या औष्णिक ऊर्जेच्या साठ-सत्तर पट येते. उष्णतेच्या धडपडीत एखाद्या आयनाने हा चढ आपसूक चढून जाण्याची शक्यता व्यवहारात शून्यच. एड्रियन पार्सेजियन यांनी 1969 मध्ये हेच गणित पेशीपटलाच्या पातळ थराला लावून पाहिले आणि उंची थोडीच कमी झाली. नुसत्या मेदाच्या थरातून पाणी ज्या वेगाने झिरपते, त्याच्या तुलनेत सोडियमचा वेग अब्जपटीने किंवा त्याहूनही कमी असतो. हेच बॉर्न, नाझी राजवटीने पद हिरावल्यावर, सी. व्ही. रामन यांच्या निमंत्रणावरून 1935-36 च्या सुमारास काही महिने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते. त्यांना कायम ठेवण्याचा रामन यांचा प्रयत्न फसला. त्या संस्थेच्या आवारातून जाताना मला हे दरवेळी आठवते. अर्थात बॉर्न यांच्या डोळ्यांपुढे पेशी नव्हती, ते मिठाच्या द्रावणाचा विचार करत होते.

तात्पर्य, वेस बंद आहे. जे जाते ते दरवाजांतून, आणि हे दरवाजे म्हणजे मेदात रुतलेली प्रथिने. काही दरवाजे केवळ उघडमीट करतात. काही रहाटासारखे असतात, ऊर्जा खर्चून चढावर ओढतात. 1957 मध्ये डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी त्यातला सर्वांत महत्त्वाचा रहाट ओळखला. तो प्रत्येक फेरीला तीन सोडियम बाहेर काढतो व दोन पोटॅशियम आत घेतो. यासाठी स्कोऊ यांना नोबेल मिळाले ते चाळीस वर्षांनी, 1997 मध्ये. या रहाटामुळे पेशीच्या आत सोडियम कायम कमी राहते आणि बाहेरचे सोडियम आत कोसळायला टपलेले असते, धरणामागच्या पाण्यासारखे.

ऑगस्ट 1960 मध्ये प्रागच्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी सुचवले की आतडे हे धरणाचे पाणी वापरते. ग्लुकोजला आत नेणारा दरवाजा सोडियमशिवाय फिरतच नाही. सोडियम उतारावरून आत येते आणि त्याच फेरीत ग्लुकोजला चढावर ओढून आणते. आज आपल्याला ठाऊक आहे की एका ग्लुकोजमागे दोन सोडियम जातात. त्या प्रथिनाचे जनुक 1987 मध्ये अर्नेस्ट राइट यांच्या गटाने शोधले. क्रेन यांना साखरेचे शोषण समजून घ्यायचे होते, पटकीशी त्यांना कर्तव्य नव्हते. पण त्यांचे वाक्य उलटे वाचले की औषध हाती येते : सोडियमशिवाय ग्लुकोज नाही, तसे ग्लुकोज दिले की सोडियमही आत जाणार. आणि सोडियम गेले की परासरणाने पाणी त्यामागून जाणार.

हे उलटे वाचन सहज झाले नाही. कोलकात्याचे हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी 1953 मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये 186 रुग्णांना मीठ-ग्लुकोजचे पाणी तोंडाने दिल्याचे लिहिले होते. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, कारणमीमांसाही नव्हती, म्हणून ते बाजूला पडले. 1962 मध्ये फिलिपाइन्समध्ये रॉबर्ट फिलिप्स यांच्या पथकाने ग्लुकोजयुक्त द्रावण दिले, पण ते फार संहत होते आणि काही रुग्ण दगावले. फिलिप्स यांचा समज असा की विष सोडियमचा रहाटच बंद पाडते. हा समज टिकला असता तर पुढचे काहीच सुचले नसते, कारण रहाट बंद म्हणजे ग्लुकोजचा दरवाजाही निकामी. पुढे ढाका आणि कोलकात्यातल्या मोजमापांनी दाखवले की रहाट चालू आहे आणि पटकीच्या रुग्णाचे आतडे ग्लुकोज व्यवस्थित शोषते. 1968 मध्ये डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी तत्कालीन पूर्व पाकिस्तानात रुग्णाच्या शरीरातून जितके जाते तितके मोजून तोंडाने परत देण्याची पद्धत बसवली. शिरेतून द्यायच्या द्रवाची गरज सुमारे 80 टक्क्यांनी घटली.

मग 1971 उजाडले. बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले. बनगावच्या छावणीत पटकी फैलावली, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या आणि दिलीप महालनबीस यांनी नियम बाजूला ठेवला. एक लिटर पाण्यात 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. पाजायला परिचारिका पुरेशा नव्हत्या, म्हणून आया, भाऊ, मुले यांच्या हाती पेले दिले. छावणीतले मृत्यूचे प्रमाण 30 टक्क्यांच्या घरात होते, ते 3.6 टक्क्यांवर आले. ही नियंत्रित चाचणी नव्हती आणि तिला तसे म्हणण्याचे कारणही नाही. मात्र शास्त्रशुद्ध तयारी आणि हातघाईची वेळ यांची अशी गाठ इतिहासात फार थोड्या वेळा पडली असेल. महालनबीस 2022 मध्ये वारले. पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर मिळाले.

विष नेमके काय करते, हे यानंतर हळूहळू उलगडले. त्याचे दोन भाग आहेत. पाच पाकळ्यांचे एक कडे पेशीपटलावरच्या विशिष्ट शर्करायुक्त मेदरेणूला चिकटते. म्हणजे ज्या मेदाने वेस बांधलेली आहे, त्यातलीच एक वीट जिवाणूने कडी म्हणून हेरली आहे. दुसरा भाग पेशीच्या स्वतःच्याच वाहतुकीत लपून आत पोहोचतो आणि एका संदेशवाहक प्रथिनाला ‘चालू’ अवस्थेत कायमचे खिळवून टाकतो. पेशीत चक्रीय एएमपी साचतो आणि आतड्याच्या पोकळीच्या बाजूचा क्लोराइडचा दरवाजा सताड उघडा राहतो. क्लोराइड बाहेर पडते, विद्युतभाराचा तोल राखण्यासाठी दोन पेशींमधल्या फटींतून सोडियम जाते आणि मागोमाग पाणी. मीठ शोषण्याचा नेहमीचा मार्गही त्याच वेळी मंदावतो. भिंत कुठेच फुटलेली नसते. एक दरवाजा उघडा राहतो, एक अर्धवट लागतो, आणि ग्लुकोजचा तिसरा दरवाजा विषाच्या पकडीबाहेर असतो. ओआरएस हगवण थांबवत नाही, सुरुवातीला तर शौचाचे प्रमाण तसेच राहते. ते फक्त तिसऱ्या दरवाजातून जमा वाढवते. घरातल्या माणसांना हे आधी सांगितले नाही तर ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून पेला बाजूला ठेवला जातो, आणि तिथेच घात होतो.

आता साखरेच्या प्रश्नाकडे. 2002 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. रेणूंच्या हिशेबात ग्लुकोज 75 आणि सोडियम 75 मिलिमोल, दोन्ही समसमान. सर्व कण मिळून संहती 245, रक्ताच्या सुमारे 290 पेक्षा थोडी कमी. हा फरक मुद्दाम ठेवला आहे, पाण्याचा उतार आतड्याकडून रक्ताकडे असावा म्हणून. जुन्या सूत्राची संहती 311 होती, आणि तेवढ्या फरकानेही मुलांच्या हगवणीचे प्रमाण वाढत असल्याचे चाचण्यांत दिसले, म्हणून सूत्र बदलले गेले. आता लिटरमागे 100 ग्रॅम साखर घातलेले एखादे गोड पेय कल्पनेत घ्या. साखरेचा रेणू आतड्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असा दुभंगतो, तेव्हा केवळ साखरेचीच संहती 580 च्या पुढे जाते, रक्ताच्या दुप्पट. सोबत सोडियम पुरेसे नसेल तर दरवाजा फिरणार किती? न शोषली गेलेली साखर पोकळीत बसून राहते आणि परासरणाचा उतार उलटा होतो. पाणी रक्तातून आतड्यात खेचले जाते. आधीच शोष पडलेल्या बाळाला ते पाजले, तर त्याच्या अंगातले पाणी आणखी कमी होते. बाटलीवर ‘ओआरएस’ लिहिलेले असेल, तर आई ते विश्वासाने पाजत राहते.

उलट, मीठ घातलेली तांदळाची पेज हे काम बरे करते, आणि त्याचे कारणही याच गणितात आहे. पिष्टमयाचा रेणू प्रचंड मोठा असतो, म्हणून कणांची संख्या कमी आणि संहतीही कमी. आतड्याच्या अस्तराशी तो तुटत जातो तसतसे ग्लुकोज थोडे थोडे सुटते आणि लगोलग उचलले जाते. पटकीच्या रुग्णांवर तांदळाच्या ओआरएसच्या रीतसर चाचण्या झाल्या आहेत आणि शौचाचे प्रमाण त्याने घटते असे आढळले आहे. पाकीट हाताशी नसेल तेव्हा, उकळून गार केलेले एक लिटर पाणी, सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. पोटॅशियम यात नसते, म्हणून पाकीट मिळताच ते सुरू करावे, आणि मूल मलूल पडले, पीत नसेल किंवा लघवी थांबली असेल तर घरी न थांबता थेट दवाखाना गाठावा.